जुन्या लिनक्स लॅपटॉपवर अपडेटनंतर येणारे ग्राफिक्स ग्लिच

अपडेट मारलं, रीस्टार्ट केलं, आणि काल नीट चालणाऱ्या लॅपटॉपची स्क्रीन लपलपायला लागली, विंडो सरकवली की मागे तिचे तुकडे राहतात, मेनूतली अक्षरं गायब, व्हिडिओ मधोमध फाटल्यासारखा दिसतो, नाहीतर लॉगिननंतर काळा पडदा आणि त्यावर नुसता माउसचा बाण. या सगळ्याला मिळून ग्राफिक्स ग्लिच म्हणतात. अपडेटनंतर लगेच सुरू झालेल्या ग्लिचमध्ये सहसा मशीन खराब झालेलं नसतं, चित्र स्क्रीनपर्यंत पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या उतरंडीतला एखादा थर बदललेला असतो. तो कोणता हे शोधण्यातच सगळा वेळ जातो, एकदा सापडला की दुरुस्ती बऱ्याचदा एका ओळीची असते.

थर कोणते

सगळ्यात खाली कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर, तो ग्राफिक्स चिप चालवतो. इंटेलसाठी आय९१५, एएमडीच्या जुन्या चिपसाठी रेडिऑन आणि नव्यांसाठी एएमडीजीपीयू, एनव्हिडियासाठी एकतर ओपन सोर्स नूवो नाहीतर कंपनीचा स्वतःचा बंद ड्रायव्हर. स्क्रीनचं रिझोल्युशन ठरवायचं काम पूर्वी एक्स सर्व्हर (विंडो स्क्रीनवर दाखवणारा जुना प्रोग्रॅम) करायचा, ते २००९ च्या सुमारास कर्नलकडे आलं, आधी इंटेल, मग रेडिऑन, मग २०१० मध्ये नूवो. याला कर्नल मोडसेटिंग म्हणतात. कर्नलच्या जोडीला फर्मवेअरच्या, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या कोडच्या, फाइल्स लागतात. त्यावर मेसा, म्हणजे ओपनजीएल आणि व्हल्कन या चिपकडून चित्र काढून घ्यायच्या दोन पद्धतींची लायब्ररी, तिचं काम ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलं होतं. त्यावर एक्स किंवा त्याच्या जागी आलेलं वेलँड, मग सगळ्या विंडो जोडून एक चित्र बनवणारा डेस्कटॉपचा कंपोझिटर, आणि शेवटी अॅपची बटणं-मेनू रंगवणारी जीटीके, क्यूटी ही टूलकिट, ब्राउझर वगैरे. एका अपडेटमध्ये यातले चार थर एकदम बदलू शकतात, म्हणून नुसतं "अपडेटमुळे झालं" म्हणून काही कळत नाही.

जुन्या मशीनलाच का होतं

सपोर्ट काढून टाकला असं लोक पटकन म्हणतात, पण तसं क्वचितच असतं. कर्नल जुन्या चिपचे ड्रायव्हर सहसा काढत नाही. खरी गोष्ट अशी की कोड राहतो पण तो चालवून बघणारे कमी होतात, नवं काही लिहिणाऱ्याकडे तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप नसतो, आणि चूक पहिल्यांदा दिसते ती वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर.

मेसामध्ये मात्र खरोखर मोठी साफसफाई झाली. २०२१ च्या शेवटी क्लासिक म्हणवले जाणारे जुने ड्रायव्हर मुख्य कोडमधून काढले आणि २०२२ च्या मेसा २२.० पासून ते गेले. इंटेलच्या २००६ ते २०१३ च्या काळातल्या बहुतेक चिप, म्हणजे ९६५ पासून सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज, हॅसवेलपर्यंत, आय९६५ ड्रायव्हरवरून क्रोकस नावाच्या नव्या ड्रायव्हरवर गेल्या. त्याहून जुन्या जीएमए ९५० सारख्या चिपना आय९१५जी मिळाला. ज्यांना जुनंच हवं त्यांच्यासाठी अँबर नावाची वेगळी शाखा ठेवली, डेबियन आणि उबुंटूत तिचं वेगळं पॅकेज पण आलं. क्रोकस एकंदरीत चांगला आहे, पण ज्यांनी एका उडीत जुन्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीवरून नव्यावर अपग्रेड केलं त्यांचा आख्खा ड्रायव्हरच बदलला आणि त्यांना पत्ताही नव्हता.

टूलकिटचंही तसंच. जीटीके ४.१४ ने मार्च २०२४ मध्ये नवा रेंडरर आणला आणि त्याच वर्षी ४.१६ ने वेलँडवर व्हल्कन डीफॉल्ट केलं. आता आयव्ही ब्रिज आणि हॅसवेलवर व्हल्कन अर्धवट आहे, मेसा स्वतःच टर्मिनलमध्ये तशी वॉर्निंग देतं, सँडी ब्रिजच्या चिपला तर ते नाहीच. त्यामुळे बाकी डेस्कटॉप ठीक आणि फक्त फाइल मॅनेजर, टेक्स्ट एडिटर, सेटिंग्ज अशा ठराविक अॅपमध्येच कचरा दिसत असेल तर कर्नलला हात लावायची काही गरज नसते, जीएसके रेंडरर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला एनजीएल किंवा कैरो अशी किंमत देऊन ते अॅप चालवून बघायचं.

वेलँडचा मुद्दा वेगळा आहे. फेडोराने २०१६ मध्ये आणि उबुंटूने मध्ये एकदा माघार घेऊन २०२१ मध्ये वेलँड डीफॉल्ट केलं. लॉगिन स्क्रीनवरच्या गियरच्या चिन्हातून एक्सचं सेशन निवडून बघणं हा पूर्वी सगळ्यात स्वस्त प्रयोग होता. उबुंटू २५.१० पासून ग्नोम या डेस्कटॉपचं एक्स सेशन काढून टाकलंय, तिथे हा प्रयोग करायचा तर एक्सएफसीई किंवा मेटसारखा दुसरा डेस्कटॉप टाकावा लागतो. जुन्या मशीनला तसाही तोच बरा.

बिघाड कुठे आहे ते ओळखणं

पहिली चाचणी फुकट आहे आणि तरी फार थोडे लोक करतात. ग्लिच दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडायचा. स्क्रीनशॉटमध्येही कचरा दिसला तर चित्र बनतानाच बिघडतंय, म्हणजे मेसा, कंपोझिटर किंवा ते अॅप. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल आणि डोळ्यासमोरची स्क्रीन मात्र लपलपत असेल तर चित्र बरोबर बनलंय आणि पुढे पॅनलपर्यंत जाताना घोळ होतोय, तिथे कर्नल ड्रायव्हरच्या पॉवर सेव्हिंगवर संशय घ्यायचा नाहीतर केबलवर. बाहेरचा मॉनिटर लावून तो नीट दिसला तर हा संशय आणखी पक्का होतो.

दुसरी चाचणी जुना कर्नल. बहुतेक डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखी लिनक्सची तयार रूपं) आधीचा कर्नल ठेवून देतात, बूट होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणायचा, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन मागचा निवडायचा. ग्लिच गेला तर दोष कर्नलमध्ये आहे आणि सध्यापुरता तुमचा लॅपटॉप वापरण्याजोगा झाला. नाही गेला तर मेसा किंवा वरचं काहीतरी. आर्चवर मात्र आधीचा कर्नल आपोआप राहत नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपवर आर्च चालवणाऱ्यांनी एलटीएस कर्नल शेजारी ठेवलेलाच बरा.

बायॉसच्या स्क्रीनवर किंवा ग्रबच्या मेनूतच रेघा दिसत असतील तर लिनक्सचा काही संबंध नाही, तिथे ड्रायव्हर लोडच झालेला नसतो. जुना लाइव्ह यूएसबी चालवूनही तेच होतं का बघायचं. इंटिग्रेटेड ग्राफिक्स सिस्टीमचीच रॅम वापरतं, त्यामुळे रॅम खराब असेल तरी स्क्रीनवर ठिपके आणि चौकटी उमटतात, मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवला तर ते कळतं.

मग लॉग. जर्नलसीटीएल किंवा डीमेसेजमध्ये जीपीयू हँग, रिंग टाइमआउट, फर्मवेअर लोड झालं नाही, असं काही आहे का ते शोधायचं. कोणता ड्रायव्हर खरोखर चालू आहे ते एलएसपीसीआयला के पर्याय देऊन किंवा इन्क्सीने कळतं, आणि जीएलएक्सइन्फोच्या रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप दिसलं तर ग्राफिक्स चिप वापरलीच जात नाहीये, सगळं प्रोसेसर रंगवतोय, पंखा का ओरडतोय त्याचं उत्तर पण तिथेच मिळतं. काय काय बदललं याची यादी एपीटीच्या (डेबियन, उबुंटू) हिस्टरी लॉगमध्ये, डीएनएफच्या (फेडोरा) हिस्टरीत किंवा पॅकमनच्या (आर्च) लॉगमध्ये तारखेसकट असते, ती आधी वाचायची.

इंटेलवरचे उपाय

इथे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण गमतीचं आहे, आधी कधीतरी केलेला उपायच. टीअरिंग, म्हणजे चित्र मधोमध फाटणं, जावं म्हणून इंटेलच्या जुन्या एक्स ड्रायव्हरची एक छोटी कॉन्फिग फाइल एक्सच्या फोल्डरमध्ये टाकायची पद्धत होती, त्यात एसएनए नाहीतर यूएक्सए या रंगवायच्या पद्धती आणि टीअर फ्री असे पर्याय असायचे. त्या ड्रायव्हरचं शेवटचं ठरलेलं रिलीज २०१४ चं, तेही डेव्हलपमेंट स्नॅपशॉट म्हणून काढलेलं. २०१६ च्या आसपास डेबियन, उबुंटू, फेडोरा यांनी बऱ्याचशा इंटेल चिपसाठी एक्स सर्व्हरमधला मोडसेटिंग ड्रायव्हर घेतला. पण ती फाइल राहिली असेल तर ती आजही जुन्या ड्रायव्हरला जबरदस्तीने उठवते, आणि अपडेटनंतर दोघांचं जमेनासं होतं. फाइलचं नाव बदलून रीस्टार्ट मारायचं, बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. उलट अगदी जुन्या चिपवर कधी कधी हाच जुना ड्रायव्हर जास्त नीट चालतो, त्यामुळे फाइल डिलीट करू नये, नावच बदलावं.

स्क्रीनशॉट स्वच्छ आणि पॅनल लपलपतंय अशा केसमध्ये पॅनल सेल्फ रिफ्रेश, म्हणजे पीएसआर ही वीज वाचवायची सोय, बंद करून बघतात. ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी आय९१५ चा एनेबल पीएसआर हा पर्याय शून्य करून टाकायचा आणि एफ१० ने बूट करायचं, हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो म्हणून निर्धास्त करता येतो. फायदा झाला तरच ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये कायमचा लिहायचा आणि अपडेट ग्रब चालवायचं. एक लक्षात घ्या, आय९१५ मध्ये पीएसआर हॅसवेल आणि त्यापुढच्या चिपवर, तेही एम्बेडेड डिस्प्लेपोर्टच्या पॅनलवरच चालतं, त्याहून जुन्या मशीनवर ही ओळ टाकून काहीही होत नाही, तरी ती सगळीकडे चिकटवलेली दिसते. एनेबल एफबीसी म्हणजे फ्रेमबफर कॉम्प्रेशन, त्याचंही असंच शून्य करून बघता येतं. आणि लॉगमध्ये डीमार या शब्दासकट एरर दिसत असतील तर इंटेल आयओएमयूला आयजीएफएक्स ऑफ ही किंमत देऊन बघायची.

एएमडी आणि एनव्हिडिया

जुन्या रेडिऑनवर पहिली शंका फर्मवेअरची. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, फर्मवेअर नॉन फ्री फर्मवेअर नावाच्या वेगळ्या विभागात गेलंय, जुन्या सोर्सेस फाइलवर अपग्रेड केलं की तो विभाग यादीत नसतो आणि फर्मवेअरची पॅकेजं जुनीच राहतात किंवा मिळतच नाहीत. फर्मवेअर नसलं की रिझोल्युशन पडतं आणि अॅक्सेलरेशन जातं. बूटचं छोटं पार्टिशन भरून इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) अर्धवट लिहिली गेल्यावरही अशीच लक्षणं दिसतात, जागा मोकळी करून ती परत बनवायची. नुसतं फ्लिकर असेल तर रेडिऑनचं डीपीएम, म्हणजे गरजेनुसार चिपचा वेग कमी-जास्त करणं, शून्य करून बघता येतं, मात्र बॅटरी लवकर संपते आणि मशीन तापू शकतं.

एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरला मात्र मुदत असते. जीफोर्स ८, ९, २०० आणि ३०० सिरीजसाठीच्या ३४० शाखेचा सपोर्ट २०१९ च्या शेवटी संपला, फर्मी पिढीच्या कार्डांसाठीच्या ३९० चा २०२२ च्या शेवटी, केप्लर पिढीसाठीच्या ४७० चा २०२४ मध्ये. नवा कर्नल आला की डीकेएमएस हा प्रोग्रॅम ड्रायव्हरचं जुनं मॉड्यूल त्या कर्नलसाठी परत कंपाइल करायला जातो, ते फसतं, आणि मशीन बारीकशा रिझोल्युशनमध्ये नाहीतर काळ्या पडद्यावर उठतं. कंट्रोल अल्ट एफ३ ने टेक्स्ट कन्सोलवर जाऊन डीकेएमएसचं स्टेटस बघितलं की खात्री पटते. इथे रस्ते दोनच, सपोर्ट चालू असलेल्या जुन्या एलटीएस कर्नलवर राहायचं किंवा बंद ड्रायव्हर पूर्ण काढून नूवोवर जायचं. नूवो बहुतेक कार्डांचा क्लॉक आपोआप वाढवत नाही म्हणून हळू चालतं, पण साध्या डेस्कटॉपला पुरतं. ज्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही आहेत त्यांनी जुनं एनव्हिडिया बंद करून नुसत्या इंटेलवर राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सरसकट चालवले जाणारे उपाय

नोमोडसेट हा सगळ्यात जास्त गैरवापर झालेला पर्याय आहे. तो कर्नल मोडसेटिंगच बंद करतो, म्हणजे ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि अर्थात ड्रायव्हरचा ग्लिचही दिसत नाही. काळ्या पडद्यातून बाहेर येऊन दुरुस्ती करण्यापुरता तो उत्तम, पण कायम ठेवला तर ब्राइटनेस जातो, सस्पेंड जातं आणि व्हिडिओ प्रोसेसरवर चालतो.

मेसाचा शेडर कॅशे, म्हणजे चिपसाठी तयार करून साठवलेले छोटे प्रोग्रॅम, उडवा हा सल्लाही सारखा मिळतो. त्यात ड्रायव्हरच्या बिल्डची ओळख धरलेली असते, मेसा बदललं की जुन्या नोंदी आपोआप बिनकामाच्या होतात, त्यामुळे उडवून नुकसान नाही पण सहसा फायदाही नाही. ब्राउझरमध्येच ग्लिच असेल तर आधी हार्डवेअर अॅक्सेलरेशन बंद करून बघणं जास्त सरळ. आणि फ्लॅटपॅकची (डिस्ट्रोपासून वेगळी बांधून येणारी) अॅप स्वतःचं वेगळं मेसा घेऊन येतात हे विसरलं जातं, सिस्टीमचं मेसा मागे नेलं तरी त्यांच्यावर काही परिणाम होत नाही.

नव्या मेसासाठी कधीकाळी ओइबाफ किंवा किसाकचं पीपीए, म्हणजे उबुंटूसाठीचं बाहेरचं पॅकेज भांडार, टाकलं असेल आणि उबुंटू अपग्रेड करताना ते अर्धवट राहिलं असेल तर पॅकेजेसची खिचडी होते, पीपीए पर्जने ते काढून डिस्ट्रोच्या मूळ आवृत्तीवर यायचं, मगच पुढची तपासणी.

मागे जाणं आणि बग कळवणं

नेमकं पॅकेज सापडलं की तेवढंच मागे न्यायचं. एपीटीमध्ये जुनी आवृत्ती टाकून एपीटी मार्कने होल्ड करता येते, डीएनएफमध्ये हिस्टरी अनडू आहे, पॅकमनच्या कॅशेत जुनी पॅकेजं पडलेली असतात, पण आर्चवर एकटं मेसा मागे नेलं आणि मेसा ज्यावर अवलंबून असतं ते एलएलव्हीएम नवं राहिलं तर डेस्कटॉप उठतच नाही, दोन्ही बरोबर न्यावी लागतात. टाइमशिफ्टने घेतलेली सिस्टीमची जुनी प्रत (स्नॅपशॉट) असेल तर हे सगळं सोपं. होल्ड लावून विसरून जाणं मात्र वाईट, सिक्युरिटी फिक्सेस पण त्याबरोबर अडकतात, म्हणून दर एक-दोन आवृत्त्यांनी काढून बघावं.

कर्नलमध्ये रिग्रेशनला, म्हणजे आधी चालणारी गोष्ट बिघडण्याला, गंभीर दोष मानतात, आणि त्याबाबत कर्नलचे प्रमुख लिनस टॉरवाल्ड्स किती कडक आहेत ते सगळ्यांना माहितीये. त्यामुळे "जुनं मशीन आहे, कोण ऐकणार" असं समजून गप्प बसायचं कारण नाही. तक्रारीत चिपचं नाव आणि आयडी, शेवटची चाललेली आणि पहिली बिघडलेली आवृत्ती, पूर्ण डीमेसेज, आणि जीपीयू हँग असेल तर एरर स्टेटची फाइल जोडायची, ही फाइल रीस्टार्टनंतर उरत नाही म्हणून आधीच कॉपी करून ठेवायची. गिट बायसेक्ट करून, म्हणजे मधल्या आवृत्त्या अर्ध्या-अर्ध्या करत तपासून, बिघाड आणणारा नेमका कमिट (कोडमधला बदल) दिला तर काम झपाट्याने पुढे सरकतं, फक्त जुन्या लॅपटॉपवर कर्नल कंपाइल करायला तासन्‌तास लागतात, तेव्हा ते दुसऱ्या दमदार मशीनवर करून तयार पॅकेज इकडे आणायचं.