भरवसा (सांगलीचा हळद बाजार)

हळदीच्या साखळीत शेतकरी, अडत्या (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारा), खरेदीदार आणि पावडर करणारा गिरणीवाला असे दुवे असतात. एकमेकांचा माल, माप आणि पैसा यांची खात्री धरून ते वर्षानुवर्षे त्याच माणसाशी व्यवहार करतात. सांगलीत या नात्याचा जुना साक्षीदार म्हणजे हरिपूरचे पेव. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या घट्ट मातीत हे साठवणीचे खड्डे खणत. तोंड अरुंद, पोट रुंद, खोली दोन-तीन माणसांच्या उंचीइतकी. आत हळद भरून तोंड मातीने लिंपले की आतला प्राणवायू संपतो, कीड मरते आणि माल टिकतो. पेव उघडल्यावर माणूस उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. तो विझला तर थांबायचे. (‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार अशाच साठ्यावरून आला.) लिंपलेल्या पेवातली हळद कोणालाच दिसत नाही. त्यामुळे भरणाऱ्याच्या शब्दाला मालाइतकेच मोल येई.

रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची रीत एके काळी देशातल्या अनेक बाजारांत होती. नियंत्रित बाजारांत तिची जागा उघड लिलावाने घेतली. महाराष्ट्रात १९६३च्या कायद्याने अडत्याला परवाना लागतो, बाजार समितीची देखरेख असते. आता हिंगोलीकडचा किंवा तेलंगणाचा शेतकरी वसंतदादा मार्केट यार्डात माल पाठवतो तेव्हा त्याच्या हाती उरते ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. वजन, बारदान, हमाली, तोलाई, सगळे तिच्यावर. घरच्या काट्याशी तिचा मेळ बसला तर पुढच्या हंगामात गाडी त्याच दुकानी येते.

बांधिलकीची दुसरी गाठ उचलीची. हळद आठ-नऊ महिन्यांचे पीक. बेणे, खत, मजुरी यांना पैसा आधी लागतो. अडत्या उचल देतो, माल त्याच्याकडे येतो, पट्टीतून रक्कम कापली जाते. अडीनडीला धावणारा म्हणून शेतकरी त्याला मानतो. पण भाव पडला असताना देणे फेडायला तिथेच विकावे लागते, तेव्हा तो भरवसा असतो की अडकवणूक, हे सांगणे अवघड. दुकान बदलायची मोकळीक असूनही जो बदलत नाही, त्याचाच भरवसा खरा मानावा.

‘सांगली हळद’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव ठरलेल्या प्रदेशातल्या हळदीलाच लावता येते. बाहेरची हळदही याच यार्डात उतरते, तेव्हा पोत्यावर जे नाव आहे तोच माल आत असल्याचे सांगणारा अडत्याच.

२००५ आणि २०१९च्या महापुरांत पेवांत पाणी शिरले. साठा आता बहुतेक गोदामांत आणि शीतगृहांत असतो. तिथे पावती मिळते आणि पोत्यातून नमुना काढून पाहता येतो.