पार्श्वभूमी: सोलापूरची चादर बेटावर कोण पोहोचवतो?

सोलापूरहून पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर २०२४ पासून सरकारी नाव श्री विजयपुरम) दोन चादरी पाठवायच्या म्हटले की वाटा दोनच. एक टपाल कार्यालयाची पार्सलची खिडकी, दुसरी नवी पेठेतले एखादे कुरिअरचे दुकान. खिडकीवर वजन करतात, पिनकोड टाकतात, पैसे सांगतात. कुरिअरवाला आधी पिनकोड घालून पाहतो, पडद्याकडे जरा वेळ बघत राहतो आणि मग म्हणतो, "जातंय, पण ओडीए लागेल." ओडीए म्हणजे कंपनीच्या रोजच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचा पत्ता, तिथे पोहोचवण्याचा आकार वेगळा. "तिथे जाता का?" हा प्रश्न टपालाला कोणी विचारत नाही. का विचारत नाही, हे समजायला १८५४ पर्यंत मागे जावे लागते.

त्याआधी पत्राचा दर अंतरावर ठरे. जितके कोस लांब, तितके पैसे जास्त. पार्सले 'बांगी'ने जात. बांगी म्हणजे कावड. खांद्यावर बांबू आणि दोन्ही टोकांना ओझे. १ ऑक्टोबर १८५४ पासून नवा कायदा लागू झाला आणि पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा सरसकट दर आला. पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमपेक्षाही कमी, एक पातळ कागद. पण तत्त्व मोठे होते: पत्र शेजारच्या तालुक्यात जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला, पैसे वजनाचे, अंतराचे नाहीत. जवळच्या पत्रांच्या कमाईतून लांबच्या पत्रांचा खर्च निघावा, हा हिशेब तेव्हाचा. आजही ५० ग्रॅमपर्यंतचे स्पीड पोस्ट सोलापूरहून पुण्याला आणि सोलापूरहून लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला एकाच दरात जाते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो दर ४७ रुपये आहे, वर १८ टक्के जीएसटी. वजन ५० ग्रॅमच्या पुढे गेले की अंतराचे टप्पे लागतात, पण तेही फार चढत नाहीत: ५०० ग्रॅमला सर्वांत लांबच्या टप्प्यातही ९३ रुपयेच.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, चालू झाली. योगायोग असा की टपाल खात्याची व्ही.पी. (व्हॅल्यू पेएबल) ही सोयही १८७७ चीच. माल आधी, पैसे नंतर, आणि वसुली पोस्टमन करणार. पाठवणारा किंमत लिहून देतो, घेणारा ती भरून पार्सल 'सोडवतो', आणि रक्कम मनिऑर्डरने विक्रेत्याकडे परत येते. आज 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतात ते याचेच नातवंड. गावोगावच्या छोट्या दुकानदाराला उधारी न करता माल मिळू लागला, तो या सोयीमुळे. त्यातली खोच विक्रेत्याला पहिल्याच हंगामात कळते: गिऱ्हाइकाने व्ही.पी. सोडवलीच नाही तर जाण्याचे टपालही विक्रेत्याच्या अंगावर पडते आणि चादर फिरून घरी येते, कडेने मळून.

पार्सल शिवण्याची पद्धतही त्याच काळापासून चालत आली. मांजरपाट, दाभण, दुहेरी दोरा. कापड आतल्या बोचक्यापेक्षा बोटभरच मोठे बेततात. सैल राहिले तर दुसऱ्या गठ्ठ्याच्या सुतळीत अडकून फाटते. टाके अर्ध्या इंचाच्या आत. विम्याचे पार्सल असेल तर शिवणीवर थोड्या थोड्या अंतराने लाखेचे ठसे, म्हणजे टाका उसवला तर ठसा फुटतो आणि कळते. पत्ता कापडावरच पक्क्या शाईने, आणि एक प्रत आतही. कुरिअरच्या प्लास्टिक पाकिटाने ही कला बाद केली असे म्हणतात. जहाजाच्या दमट गोदामात मात्र नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे कोपरे मऊ पडतात. तिथे आत प्लास्टिक आणि वर शिवलेले कापड ही जोडी अजून कोणी मागे टाकलेली नाही.

खासगी कुरिअर कायद्याच्या एका फटीतून आले. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ४ ने पत्रे नेण्याचा एकाधिकार सरकारला दिला होता. दुसऱ्या कोणी पत्र नेले तर कलम ५८ खाली दर पत्रामागे ५० रुपयांपर्यंत दंड. पण 'पत्र' म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. ऐंशीच्या दशकात बँकांचे चेक, निविदा, गिरण्यांची बिले, कापडाचे नमुने लगोलग पोहोचणे गरजेचे झाले, तेव्हा कुरिअरवाल्यांनी पावतीवर 'पत्र' हा शब्द लिहिणेच टाळले. सगळे 'डॉक्युमेंट'. जुन्या डॉकेटवर, म्हणजे कुरिअरच्या पावतीवर, दोनच चौकटी दिसतात, डॉक्युमेंट आणि पार्सल, त्या यामुळे. सरकारने १ ऑगस्ट १९८६ ला स्पीड पोस्ट काढून उत्तर दिले. खुद्द एकाधिकार कागदावर पुढे जवळपास चार दशके टिकला. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात तो गळला आणि १८ जून २०२४ पासून तो कायदा लागू झाला. प्रत्यक्षात बदलले काहीच नाही. जे उघडपणे चालू होते तेच आता कायदेशीरही झाले.

कुरिअरचा धंदा जिथे गठ्ठे दाट तिथे वाढतो. सोलापूर-पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. संध्याकाळी गोळा केलेल्या पिशव्या रात्रीच्या गाडीला टाकल्या की सकाळी पुण्यात वाटपाला तयार. या मार्गावर टपालाने कुरिअरशी वेगात स्पर्धा करणे अवघडच, आणि ते कबूल करायला हरकत नाही. मात्र गाडी भरून गेली तरच हे गणित जमते. ज्या पत्त्यावर आठवड्यातून एखादेच पार्सल जाते, तिथे माणूस ठेवणे कंपनीला परवडत नाही. बेट हे अशा पत्त्याचे टोक.

आता पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकड्यांची ही पद्धत आली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित, मराठी माणूस. एकाच नावाची अनेक गावे आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, यावर तो तोडगा होता. त्यात बेटांना स्वतःचा विभाग मिळाला नाही, ती ज्या किनाऱ्याला टपालाने जोडलेली होती त्याच्या पदराला बांधली गेली. अंदमान-निकोबार पश्चिम बंगालकडे: पोर्ट ब्लेअर ७४४१०१, कार निकोबार ७४४३०१. लक्षद्वीप केरळकडे: कवरत्ती ६८२५५५, मिनिकॉय ६८२५५९.

लक्षद्वीपच्या बाबतीत घोळ इथेच होतो. ६८२ हे पहिले तीन आकडे कोचीचेही आहेत. फक्त तीन आकडे पाहून दर सांगणाऱ्याने कोचीचा भाव सांगितला की पार्सल कोचीपर्यंत नीट जाते आणि तिथल्या गोदामात पडून राहते, मग फोन येतो, "पुढे जात नाही, जास्तीचे पैसे भरा किंवा परत घ्या." म्हणून पत्त्यात बेटाचे नाव, 'लक्षद्वीप' हा शब्द आणि सहाही आकडे वेगळ्या ओळीत ठळक लिहावेत. बुकिंग करतानाच विचारावे: शेवटचे वाटप तुमचा माणूस करणार की माल पुढे टपालात टाकणार? दुसरे उत्तर बऱ्याचदा येते आणि त्यात गैर काही नाही. फक्त टपालाचा क्रमांक मागून घ्यावा. तो १३ खुणांचा असतो: दोन इंग्रजी अक्षरे, नऊ आकडे, शेवटी आय-एन. तो हातात नसेल तर कुरिअरच्या संकेतस्थळावर 'पुढे पाठवले' यापलीकडे काही दिसत नाही.

दोन्ही बेटसमूहांचा स्वभाव वेगळा. अंदमानला चेन्नई आणि कोलकात्याहून थेट विमाने आहेत, त्यामुळे पोर्ट ब्लेअर शहरात खासगी कुरिअरही बऱ्यापैकी चालते. हे विमान चुकले किंवा माल विमानाला चालणारा नसला तर जहाज. चेन्नईहून नुसता प्रवासच साधारण तीन दिवसांचा, शिवाय जहाज लागण्याची वाट पाहणे वेगळे. पोर्ट ब्लेअरच्या पुढच्या बेटांवर मात्र बहुतेक ठिकाणी टपालच. लक्षद्वीपला आगत्तीची धावपट्टी छोटी, छोटीच विमाने उतरतात, मालाला जागा थोडी. बाकी सगळे कोचीहून जहाजाने. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या कमी होतात, तेव्हा दिवाळीची भेट मिनिकॉयला पोहोचवायची तर पाऊस सरायची वाट न बघता आधीच निघालेली बरी. आपले पार्सल कुठे आहे हे कळण्यातही बेटे मागे होती. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नई-अंदमान समुद्राखालची केबल सुरू होईपर्यंत तिथले इंटरनेट मुख्यतः उपग्रहावर चाले.

चादरीचा खरा प्रश्न वजनाचा नाही, फुगण्याचा आहे. कुरिअर कंपन्या 'आकारमानाचे वजन' काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे, खरे वजन आणि हे वजन यांत जे जास्त त्याचे पैसे. दोन चादरी, काट्यावर २.८ किलो. सैल घडी घालून खोक्यात ठेवल्या तर ४० × ३० × १५, म्हणजे १८,०००, भागून ३.६ किलो. त्याच चादरी प्लास्टिकमध्ये घालून, गुडघ्याने हवा दाबून काढून, सुतळीने आडवे-उभे आवळले की उंची ११ वर येते: १३,२००, म्हणजे २.६४. आता पैसे २.८ चे. एका सुतळीत पाऊण किलोहून जास्त भाडे वाचले. काही कंपन्या ४००० ने भागतात. मग तोच सैल खोका साडेचार किलोचा होतो. भाजक किती, हे बुकिंगच्या आधी विचारलेले चांगले. टेरी टॉवेल याहून वाईट फुगतात. टपालातही मोठ्या पार्सलांना हा हिशेब आला आहे, तेव्हा आवळणे दोन्हीकडे फायद्याचेच.

शेंगा चटणी त्याच पार्सलात घालू नये. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल, आणि आपली चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली. एप्रिल-मेच्या उन्हात, गाडीच्या बंद डब्यात ते तेल पिशवीच्या शिवणीतून वाट काढते आणि चादरीवर लाल डाग पडतो तो निघत नाही. दुहेरी सीलबंद पिशवी, मध्ये कागद, बाहेर कडक डबा, आणि डब्याचे वेगळे पार्सल. दुसरी अडचण विमानाची: क्ष-किरण तपासणीत तेलकट भुकटीचा गोळा संशयास्पद दिसला की माल बाजूला काढतात. पावतीवर 'खाद्यपदार्थ – शेंगा चटणी' असे स्पष्ट लिहिले तर प्रश्न कमी होतात. 'गिफ्ट आर्टिकल' असे मोघम लिहिणे हीच थांबण्याची पायरी. कडक भाकरीला यातला कुठलाच त्रास नाही. ती फक्त मोडते.

हरवले तर काय, याचे उत्तर दोघांकडेही कटू आहे. स्पीड पोस्ट हरवले तर भरपाई भरलेल्या टपालाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, जे कमी ते. उशिराला फक्त टपाल परत. कुरिअरच्या डॉकेटमागे बारीक अक्षरात याहूनही कमी मर्यादा छापलेली असते आणि ती नुसती छापील धमकी नव्हे: १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कापड उत्पादकाच्या दाव्यात १०० डॉलरची अशी मर्यादा मान्य केली, कारण पाठवणाऱ्याने त्या अटींवर सही केली होती. चार चादरींवर माल गेला की म्हणून विमा उतरवावाच, आणि किंमत बिलाप्रमाणे लिहावी. टपाल वाचवायला कमी लिहिलेली किंमत भरपाईच्या वेळी उलटते.

उलट दिशेचे, म्हणजे बेटावरून सोलापूरला येणारे पार्सल, जवळजवळ टपालाचेच काम. कुरिअरचा घरून माल उचलणारा माणूस बेटावर सहसा नसतो, म्हणून परत करायच्या मालालाही टपालाची खिडकीच गाठावी लागते. मिनिकॉयची सुकवलेली ट्यूना, तिथले 'मास', पाठवताना वासाची काळजी घ्यावी लागते. हवाबंद नसेल तर खिडकीवरच परत देतात. प्रवाळाचा तुकडा मात्र कोणत्याच मार्गाने पाठवता येत नाही. तो किनाऱ्यावर सहज सापडला असला तरी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि काही शंखही संरक्षित यादीत आहेत. दुकानातून घेतलेल्या शंखाला परवान्याची पावती असते. ती पार्सलाच्या आत न ठेवता वर, पत्त्याशेजारच्या पाकिटात ठेवतात, म्हणजे तपासणीला शिवण उसवावी लागत नाही.