वास्तव वायूंचा हिशेब आणि अवशिष्ट गुणधर्म: पार्श्वभूमी

वायूचा दाब, तापमान आणि घनफळ उपकरणांनी मोजता येते. एन्थाल्पी (वायूची आंतरिक ऊर्जा अधिक दाब व घनफळ यांचा गुणाकार) किंवा एन्ट्रॉपी (ऊर्जेच्या विखुरण्याचे माप) थेट दाखवणारे मापक मात्र नाही, त्यांच्यातील बदल हिशेबानेच काढावा लागतो. आदर्श वायूची, म्हणजे ज्याचे रेणू एकमेकांना ओढत वा ढकलत नाहीत अशा कल्पित वायूची, एन्थाल्पी केवळ तापमानावर ठरत असल्याने तेथे हा हिशेब सोपा असतो. परंतु 1852 पासून जूल आणि थॉमसन यांनी सच्छिद्र अडथळ्यातून वायू सोडून केलेल्या प्रयोगांत वायूचे तापमान बदलले, आणि वास्तव वायूची एन्थाल्पी दाबावरही अवलंबून असते हे त्यातून उघड झाले.

ही तफावत किती, हे जाणण्यासाठी अचूक मोजमापे हवी होती. आमागा यांनी त्यासाठी फ्रान्समधील एका खाणीत 300 मीटरहून उंच पाऱ्याचा स्तंभ उभारला. एवढ्या खटाटोपाचे आज नवल वाटते. अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते) सुमारे 31 अंश सेल्सिअस असल्याचे मांडले आणि 1873 मध्ये व्हॅन डर वाल्स यांनी आपले अवस्था समीकरण, म्हणजे दाब, घनफळ आणि तापमान यांचे नाते सांगणारे समीकरण, दिले.

अवशिष्ट गुणधर्मांचे खरे बीज, माझ्या मते, 1901 मध्ये लुईस यांनी मांडलेल्या फ्युगॅसिटीच्या (वास्तव वायूसाठी दाबाच्या जागी वापरायच्या दुरुस्त दाबाच्या) कल्पनेत आहे. वास्तव वायूचे वर्णन नव्याने करण्याऐवजी तो आदर्श वर्तनापासून किती ढळतो एवढेच मोजावे, हा त्यामागचा विचार होता. त्याच तापमानाला आणि त्याच दाबाला वास्तव वायूच्या मूल्यातून आदर्श वायूचे मूल्य वजा केले की उरतो तो अवशिष्ट गुणधर्म. दोन अवस्थांमधील बदल काढताना पहिल्या अवस्थेतील वायू आदर्श मानायचा, त्या कल्पित वायूला दुसऱ्या तापमानाला व दाबाला न्यायचे आणि तेथे पुन्हा वास्तव करायचे. म्हणजे आदर्श वायूच्या बदलात दुसऱ्या अवस्थेचे अवशिष्ट मूल्य मिळवायचे आणि पहिल्याचे वजा करायचे. एन्थाल्पी ही अवस्थेवरच ठरत असल्याने हा आडमार्ग चालतो. आदर्श वायूची उष्माधारकता रेणूंच्या वर्णपटावरून काढता येऊ लागली, तर अवशिष्ट भागाला दाब, घनफळ आणि तापमान यांचीच आकडेवारी पुरते.

पुढची वाटचाल ही आकडेवारी कमीत कमी प्रयोगांत मिळवण्याची होती. पिट्झर यांनी 1955 मध्ये क्रांतिक तापमान व दाब यांच्या जोडीला अकेंद्रितता गुणांक (रेणू साध्या गोल रेणूपेक्षा किती वेगळा वागतो हे सांगणारा आकडा) आणला. ली आणि केसलर यांनी 1975 मध्ये त्याची कोष्टके विस्तारली. रेडलिक–क्वाँग (1949), सोआवे (1972) आणि पेंग–रॉबिन्सन (1976) यांची समीकरणे संगणकासाठी सोयीची ठरली.

तरी क्रांतिक बिंदूजवळ, म्हणजे क्रांतिक तापमान व दाबाच्या आसपास, ही समीकरणे अडखळतात. कार्बन डायऑक्साइडचा तेथील संपीड्यता गुणांक (वास्तव घनफळ भागिले त्याच तापमान-दाबाला आदर्श वायूचे घनफळ) 0.274 आहे, व्हॅन डर वाल्स समीकरण तो 0.375 देते, पेंग–रॉबिन्सन 0.307. अवशिष्ट एन्थाल्पीसाठी तर या गुणांकाचा तापमानानुसार बदलण्याचा दर लागतो, त्यामुळे लहान चूकही तेथे मोठी होते. म्हणूनच या वायूसाठी 1996 मध्ये स्पॅन आणि वॅग्नर यांनी कितीतरी अधिक पदांचे समीकरण मांडले. त्यातही हेल्महोल्ट्झ ऊर्जा (आंतरिक ऊर्जेतून तापमान व एन्ट्रॉपीचा गुणाकार वजा करून उरणारी) आदर्श आणि अवशिष्ट अशा दोनच भागांत लिहिलेली आहे.