आगमनकाळ

आगमनकाळ हा कॅथलिक उपासना-वर्षाचा पहिला काळ. नाताळापूर्वीचे चार रविवार त्यात येतात. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण असतो. त्याला सर्वांत जवळच्या रविवारी हा काळ सुरू होतो. म्हणून त्याची सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सरकत राहते, शेवट मात्र ठरलेला : २४ डिसेंबरची संध्याकाळ. नाताळ रविवारी आला तर पुरे २८ दिवस मिळतात, सोमवारी आला तर २२च. २०२३ मध्ये तसे झाले. चौथ्या रविवारची मिसा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सकाळी आणि नाताळची त्याच रात्री.

मूळ लॅटिन शब्द ‘आदव्हेंतुस’, म्हणजे येणे. पण हे येणे एकेरी नाही. बाराव्या शतकातील क्लेअरव्हॉचा संत बर्नार्ड ख्रिस्ताची तीन आगमने सांगतो : बेथलेहेमातले, जगाच्या शेवटी होणारे आणि या दोहोंच्या मधले, माणसाच्या अंतःकरणात होणारे. पहिल्या रविवारी चर्चमध्ये गेलेल्या पाहुण्याला म्हणूनच नवल वाटते. त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथातल्या भागात, बाळ नसते, गोठा नसतो. जागे राहा, घडी कोणाला ठाऊक नाही, असा इशारा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान पुढे येतो आणि चौथ्या रविवारी कुठे मरियेची कथा सुरू होते. यशया संदेष्ट्याची वाचने या सगळ्या दिवसांत असतात.

पाचव्या शतकात गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, तूर येथे बिशप पर्पेतुअस याने संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन उपास सांगितले होते. रोमच्या परंपरेत पुढे चार रविवार स्थिरावले. मिलानच्या अम्ब्रोसियन परंपरेत मात्र आजही सहा आठवडे पाळतात. उपासाचा कडकपणा ओसरला, खूण राहिली. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो आणि मिसेत ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत गात नाहीत. ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष मात्र चालू राहतो, कारण हा काळ ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळासारखा शोकाचा नाही. तिसऱ्या रविवारी झगा गुलाबी असू शकतो. ‘आनंद करा’ या पौलाच्या शब्दांवरून त्या रविवाराला ‘गौदेते’ म्हणतात.

१७ डिसेंबरपासून रोख बदलतो. सायंप्रार्थनेत २३ तारखेपर्यंत रोज एक, अशा सात प्राचीन आळवण्या येतात. दर दिवशी ख्रिस्ताला नव्या नावाने हाक मारली जाते : ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. या नावांच्या मूळ लॅटिन शब्दांची आद्याक्षरे शेवटाकडून वाचली तर ‘एरो क्रास’ असे शब्द जुळतात : उद्या मी असेन. सात दिवस मारलेल्या हाकांना असे उत्तर मिळावे, याहून सुंदर रचना उपासनेत विरळाच.

चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे आज या काळाचे ओळखचिन्ह झाले आहे. ते मूळचे कॅथलिक नव्हे. १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या योहान हिन्रिख विखेर्न या ल्यूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, पाळकाने अनाथ मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. कोल्हापुरात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण इथली ख्रिस्ती ओळख प्रामुख्याने प्रोटेस्टंट आहे. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये इथे अमेरिकन मिशनचे काम सुरू केले. कॅथलिक संख्येने थोडे. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून निघालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात हा जिल्हा येतो, आणि आजरा-चंदगडच्या बाजूला गोवा-कोकणाशी नाते सांगणारी कॅथलिक घरे आहेत. संत फ्रान्सिस झेवियरचे जुन्या गोव्यातील फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला, म्हणजे याच दिवसांत पडते. आजरा-आंबोलीचा घाटरस्ता त्या दिशेनेच जातो.

कोल्हापुरात या काळाला आजूबाजूची साथही आहे आणि ताणही. तुळशीचे लग्न झाले की शहरात मुहूर्त निघतात, वाजंत्री सुरू होते. कॅथलिकांत मात्र आगमनकाळात लग्न थाटात लावू नये अशी जुनी शिस्त. नेमक्या याच सुमारास मार्गशीर्षातले गुरुवार येतात. शेजारच्या घरी घट मांडलेला, सवाष्णींचा उपास, अंबाबाईच्या देवळात गर्दी. इकडे कड्यावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. श्रद्धा वेगळ्या, त्यांचे अर्थही वेगळे. पण दिवस मोजून, जिभेवर ताबा ठेवून वाट पाहणे म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

ताण आहे तो बाजाराचा. डिसेंबर उजाडताच दुकानांत झाडे, तारे आणि लाल टोप्या येतात, आणि आगमनकाळ संपण्याआधीच नाताळ साजरा होऊन जातो. यात या काळाचे खरे नुकसान आहे. पापनिवेदन, मनातली अढी काढणे, गरजवंताची आठवण यांसाठी ठेवलेले दिवस त्या झगमगाटात हातचे जातात.

फराळ मात्र आधीच करावा लागतो. गुऱ्हाळे चालू असतात, नवा गूळ आलेला असतो. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल ही गोव्याकडची नावे. मराठी घरांत करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. जुन्या वळणाच्या घरांत २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिसेपर्यंत डब्याला हात लावू देत नाहीत. त्या मिसेत गौरवगीत परत येते आणि गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीत बाळ ठेवतात. शेजाऱ्यांकडून दिवाळीत फराळ घेऊन आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. तो दुसऱ्या दिवशी भरून जातो.