पॉप-अप हेडलाइट का आले आणि का गेले

२००४ साली दोन गाड्यांचं उत्पादन थांबलं: लोटस एस्प्रिट आणि पाचव्या पिढीची शेव्रोले कॉर्व्हेट. एक इंग्लंडची, दुसरी अमेरिकेची. एकीचं इंजिन मधोमध, दुसरीचं पुढे. दोघींचे हेडलाइट मात्र बोनेटच्या पत्र्याखाली दडलेले असायचे आणि लावले की वर यायचे. त्यानंतर मोठ्या संख्येनं बनणाऱ्या एकाही गाडीत असे दिवे परत आले नाहीत. २००५ ची नवी कॉर्व्हेट उघड्या, स्थिर हेडलाइटसह आली. कॉर्व्हेटवर असे दिवे १९६२ नंतर पहिल्यांदाच दिसत होते.

असं का झालं, हे विचारलं की बहुतेकांकडून एकच उत्तर मिळतं: पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी कायद्यानं बंदी घातली. हे उत्तर ऐकायला सोपं आहे, पण अपुरं आहे. पॉप-अप हेडलाइट नावानिशी बंद करणारा कायदा युरोपातही झाला नाही आणि अमेरिकेतही नाही. पादचाऱ्यांविषयीचे नियम आले तेव्हा हे दिवे जवळजवळ संपलेलेच होते. खरी गोष्ट दिव्याच्या आकाराची आहे. दिवा गोल, मोठा आणि ठरावीक उंचीवरच असला पाहिजे अशी सक्ती होती, म्हणून तो लपवावा लागला. ती सक्ती गेली आणि लपवण्याचं कारणही गेलं.

सुरुवात मात्र सक्तीतून झाली नव्हती, हौसेतून झाली होती. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात कॉर्ड ८१० ही गाडी लोकांसमोर आली. तिचा आराखडा गॉर्डन ब्यूरिग यांचा. त्या काळी हेडलाइट म्हणजे मडगार्डवर किंवा रेडिएटरशेजारी बसवलेले मोठे डबे असत. ब्यूरिगनी ते मडगार्डच्या पोटात घातले. कॉर्डच्याच उद्योगसमूहात स्टिन्सन ही विमानांची कंपनी होती आणि तिच्या विमानांना उतरताना लावायचे, एरवी पंखात मिटणारे दिवे होते. तीच युक्ती गाडीत आली. मोटर वगैरे काही नव्हती. डॅशबोर्डच्या दोन टोकांना एकेक हँडल होतं आणि ते फिरवून एकेक दिवा बाहेर काढायचा. अंधार पडला की चालकानं आपल्या बाजूचं हँडल फिरवायचं आणि मग शेजारी बसलेल्याला त्याच्या बाजूचं फिरवायला सांगायचं. कॉर्डची ही गाडी जेमतेम दोन वर्षं टिकली. १९४२ च्या डिसोटोनं हेडलाइटवर झडपा बसवून पाहिल्या. मग युद्ध आलं आणि कल्पना बाजूला पडली.

दरम्यान १९४० मध्ये अमेरिकेत सील्ड बीम दिवे प्रमाण ठरले. काच, आरसा आणि फिलामेंट हे सगळं एकाच हवाबंद तुकड्यात, आणि तो तुकडा प्रत्येक गाडीला सारखाच: ७ इंच व्यासाचा, गोल, दोन नग. हेतू चांगला होता. त्याआधीच्या दिव्यांत धूळ आणि ओल शिरून आरसा काळवंडायचा, उजेड मंदावत जायचा. नवा दिवा बदलायला सोपा होता आणि देशात कुठेही मिळायचा. पण त्याबरोबर गाडीच्या चेहऱ्याचा आकारही कायद्यानं ठरवून टाकला. १९५० च्या दशकाच्या अखेरीला पावणेसहा इंचांचे चार दिवे चालू लागले, १९७० च्या दशकाच्या मध्यावर चौकोनी सील्ड बीम आले. माप मात्र प्रत्येक वेळी नेमून दिलेलंच. त्याच्या कितीतरी आधी, १९६१ मध्ये, फ्रान्समध्ये सित्रोएन आमी ६ आयताकृती दिवे घेऊन रस्त्यावर आली होती, कारण युरोपात दिव्याच्या आकारावर असं बंधन नव्हतं.

दुसरं बंधन उंचीचं. अमेरिकेच्या आजच्या नियमानुसार हेडलाइटचा मध्यबिंदू जमिनीपासून किमान २२ इंचांवर, म्हणजे साधारण ५६ सेंटीमीटरवर हवा. युरोपात डिप्ड बीमसाठी, म्हणजे खाली झुकलेल्या नेहमीच्या उजेडासाठी, किमान ५० सेंटीमीटर. आता ७ इंची दिवा घेऊन हिशोब करू. मध्य ५६ सेंटीमीटरवर, वर आणखी साडेतीन इंच, म्हणजे दिव्याची वरची कड जवळजवळ ६५ सेंटीमीटरवर. पहिल्या लॅम्बोर्गिनी काउंटाचची टपापर्यंतची एकूण उंची १०७ सेंटीमीटर. ज्या गाडीचं नाक जमिनीलगत पाचरीसारखं निमुळतं व्हायला हवं, तिच्या नाकावर एवढ्या उंचीवर दिवा बसवायचा तर आकार मोडतोच. मार्ग एकच उरतो: दिवसा दिवा खाली ठेवायचा आणि रात्री नियमाच्या उंचीपर्यंत वर आणायचा.

या कोंडीचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे फेरारी ३६५ जीटीबी/४, लोक जिला डेटोना म्हणतात. १९६८ मध्ये ती आली तेव्हा तिच्या नाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पारदर्शक प्लास्टिकची पट्टी होती आणि दिवे त्या पट्टीच्या मागे स्थिर बसवलेले होते. दिसायला अप्रतिम. पण अमेरिकेत त्याच वर्षी संघीय सुरक्षा नियम लागू झाले होते आणि पेटलेल्या हेडलाइटपुढे असं आवरण चालत नव्हतं. फेरारीची मोठी बाजारपेठ तर अमेरिकाच. १९७१ पासून डेटोनाला पॉप-अप दिवे आले. जग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरची सुंदर काच याच सुमारास गेली ती याच कारणानं. जग्वारनं दिवे उघडे केले, फेरारीनं लपवले. माझ्या मते फेरारीचा निर्णय सरस ठरला. काच गेलेली ई-टाइप आजही काहीतरी हरवल्यासारखी दिसते, पॉप-अपवाली डेटोना तशी दिसत नाही.

त्याआधीच, १९६२ मध्ये, लोटस एलाननं वाट दाखवली होती. छोटी, हलकी, फायबरग्लासची गाडी. तिचे दिवे उचलायला वीज नव्हती, इंजिन हवा ओढून घेतं तेव्हा तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर, म्हणजे निर्वातावर, काम चालायचं. चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, पुढचा आडवा नळा हवाबंद करून त्याचाच व्हॅक्यूमची टाकी म्हणून उपयोग केला होता. वजन वाचवण्याचा लोटसचा स्वभाव या एका गोष्टीत पुरेपूर दिसतो: एकाच तुकड्याकडून दोन कामं. दुखणंही तिथेच होतं. त्या नळ्याला गंज लागला किंवा रबरी नळी चिरली की व्हॅक्यूम टिकेना आणि दिवे धडपणे जागेवर राहीनात. पुढच्याच वर्षी कॉर्व्हेट स्टिंग रे आली. तिच्यात इलेक्ट्रिक मोटरनं दिव्याचा अख्खा तुकडा गरकन फिरायचा. १९६८ च्या ओपल जीटीमध्ये मोटर नाही आणि व्हॅक्यूमही नाही. गिअरशेजारचा दांडा जोरात ढकलायचा आणि दोन्ही दिवे एकाच दिशेला कुशीवर वळायचे. पोर्शे ९२८ चे दिवे तर मिटलेले असतानाही आकाशाकडे बघत उघडे पडलेले असायचे.

पुढची वीस वर्षं या दिव्यांची. फियाट एक्स१/९, ट्रायम्फ टीआर७, फेरारी ३०८ आणि टेस्टारोसा, पोर्शे ९२४ आणि ९४४, पाँटियाक फिएरो, टोयोटाची एमआर२ आणि एई८६ ट्रुएनो, निसान १८०एसएक्स, होंडा एनएसएक्स. माझदा आरएक्स-७ च्या १९७८ पासूनच्या तिन्ही पिढ्यांना शेवटपर्यंत हेच दिवे होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर होंडा अकॉर्डसारख्या घरगुती सेडानलाही ते मिळाले. अकॉर्डचं नाक काही काउंटाचएवढं खाली नव्हतं. म्हणजे तोवर गरज मागे पडली होती आणि हे दिवे वेगवान गाडीची खूण म्हणून लावले जात होते.

आतली यंत्रणा बहुतेक गाड्यांत साधीच असते. पहिल्या माझदा एमएक्स-५ चं बोनेट उघडलं तर प्रत्येक दिव्यामागे एक छोटी मोटर दिसते. तिच्या आसाला आखूड दांडी, दांडीला जोडलेला दुवा आणि दुव्याच्या टोकाला दिव्याची चौकट. आस अर्धा फेरा फिरला की दिवा वर, उरलेला अर्धा फिरला की खाली. टोकाला पोचल्यावर मोटर थांबवायला आत संपर्कपट्ट्या असतात. मोटरवर रबरी टोपणाखाली एक गोल खुंटी असते. वीज गेली, रिले (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बिघडला, तर ती हातानं फिरवून दिवा वर आणता येतो. कॉर्व्हेट आणि फायरबर्डच्या मोटरमध्ये दातेरी चाकाच्या आत प्लास्टिकचे छोटे तुकडे असत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्यांचा भुगा होतो, मोटर नुसती गुरगुरत राहते आणि दिवा हलत नाही. एक दिवा वर आणि एक खाली अशी जी गाडी अधूनमधून दिसते, तिच्यात बहुतेक वेळा बिघाड इतकाच असतो. कडाक्याच्या थंडीत झाकणावर बर्फ गोठला तर धडधाकट मोटरलाही ते उचलत नाही.

अमेरिकी नियमकर्त्यांना या धोक्यांची जाणीव सुरुवातीपासून होती. लपणाऱ्या हेडलाइटसाठी तिथे वेगळं मानकच होतं. दिवा ३ सेकंदांच्या आत पूर्ण उघडला पाहिजे, तोही कडाक्याच्या थंडीपासून कडक उन्हापर्यंत. आणि एकदा उघडल्यावर वीज किंवा व्हॅक्यूम गेला तरी तो उघडाच राहिला पाहिजे. रात्री वेगात असताना दोन्ही दिवे आपोआप मिटले तर काय होईल, हे सांगायला नको.

या दिव्यांच्या मुळावर घाव बसला तो १९८३ मध्ये, आणि बसला तेव्हा फारसा कुणाच्या लक्षातही आला नाही. फोर्ड कंपनीनं अर्ज केला होता की सील्ड बीमऐवजी बदलता येणाऱ्या बल्बचा आणि गाडीच्या आकाराप्रमाणे घडवलेल्या प्लास्टिक काचेचा हेडलाइट चालावा. तो मान्य झाला आणि १९८४ ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ७ अशा दिव्यांसह विक्रीला आली. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा अमेरिकेत हेडलाइटला गाडीप्रमाणे वळण घेता येऊ लागलं.

मग दिवाही आक्रसत गेला. १९८६ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत प्रोजेक्टर दिवे होते. यात मूठभर भिंग पुरतं, कारण उजेडाला आकार भिंग आणि त्यामागची छोटी पट्टी देते. १९९१ मध्ये त्याच मालिकेत झेनॉन वायूचे दिवे आले. आरशाचा पृष्ठभाग संगणकावर ठिपका-ठिपका आखता येऊ लागला, त्यामुळे काचेवर खाचा पाडायची गरज संपली. काच नितळ राहिली आणि कितीही तिरपी ठेवता येऊ लागली. निमुळत्या नाकात, नियमाच्या उंचीवर, मडगार्डच्या चढावर ओढलेला लांबट दिवा आता सहज बसायला लागला. मग मोटर, दांड्या, रिले, झाकण यांचं वजन कशासाठी वाहायचं? शिवाय वर आलेला दिवा वाऱ्याला आडवा येतो, आणि नेमका रात्रीच्या लांबच्या प्रवासात.

दुसरीकडून दिवसा दिवे लावण्याची सक्ती येत होती. स्वीडननं १९७७ मध्येच ती केली. कॅनडात १९८९ च्या डिसेंबरपासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना दिवसाचे दिवे बंधनकारक झाले. युरोपात २०११ पासून नव्या मॉडेलना ते लागू झालं. लपणाऱ्या दिव्याचं सगळं सौंदर्य तो दिवसा लपलेला असण्यात आहे. दिवसाही पुढून उजेड दिसायलाच हवा असेल तर एक तर तो सदैव वर ठेवायचा किंवा बम्परमध्ये दुसरा दिवा बसवायचा. दुसरा बसवायचाच, तर पहिल्याला लपवून काय साधलं?

माघार एकेकानं घेतली. फेरारीनं १९९४ मध्ये टेस्टारोसाच्या शेवटच्या अवतारात, एफ५१२ एममध्ये, दिवे स्थिर केले. १९९९ मध्ये एफ३५५ च्या जागी ३६० मोडेना आली, तीही स्थिर दिव्यांची. एमएक्स-५ ची दुसरी पिढी १९९८ मध्ये बाजारात आली तेव्हा पहिलीच्या चेहऱ्यावरचा तो मिश्कील भाव गेला होता. लॅम्बोर्गिनी डिआब्लोला पुढे निसान ३००झेडएक्सचे हेडलाइट बसवले गेले. महागड्या इटालियन गाडीला जपानी कारखान्यातला तयार दिवा चपखल बसला, यातच सील्ड बीमचं युग किती मागे पडलं होतं ते कळतं. होंडा एनएसएक्सनं २००२ च्या मॉडेलला दिवे बदलले, त्याबरोबर पुढचा भागही सुधारला, आणि हवेच्या रोधाचा गुणांक ०.३२ वरून ०.३० वर आला. आरएक्स-७ त्याच वर्षी बंद झाली.

आणि यानंतर पादचाऱ्यांचा नियम आला. २००३ चा युरोपीय निर्देश नव्या मॉडेलना ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्यात माणसाच्या डोक्याचा नमुना ताशी ३५ किलोमीटरनं बोनेटवर आणि पायाचा नमुना ताशी ४० किलोमीटरनं बम्परवर आदळवून इजा मोजतात. बोनेटच्या वर उभ्या राहणाऱ्या कडक चौकटीला अशा चाचणीत तगणं फार अवघड. हा नियम योग्यच आहे. पॉप-अपचा कितीही लोभ असला तरी रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या डोक्यापेक्षा तो मोठा नाही. पण तारखा पाहा: एस्प्रिट आणि कॉर्व्हेट २००४ मध्येच थांबल्या होत्या. नियमानं परतीचा रस्ता बंद केला, एवढंच म्हणता येईल.

जुन्या गाड्यांना यातलं काही लागू नाही. त्या बनल्या त्या काळच्या नियमांनुसार चालतात, आणि त्यांच्या मोटरमधल्या प्लास्टिकच्या तुकड्यांऐवजी आता पितळी तुकडे विकत मिळतात. २०२३ च्या जपान मोबिलिटी शोमध्ये माझदानं आयकॉनिक एसपी ही संकल्पना गाडी दाखवली, तिच्या दिव्यांवरची झाकणं उघडतात. आजचे एलईडी इतके चपटे असतात की झाकण बोटभर उचललं तरी पुरावं, आणि असं असेल तर पादचाऱ्यांच्या चाचणीचाही मार्ग कदाचित निघेल. तसे दिवे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवर कुणी आणले, तर ते निव्वळ हौसेपोटी असतील, कॉर्डवर होते तसे.