सामूहिक नागरी परसबाग

सामूहिक नागरी परसबाग : शहरातील एखाद्या वस्तीत अनेक कुटुंबांनी मिळून कसलेली, भाजीपाला, फळे, औषधी वनस्पती किंवा फुले पिकवणारी जमीन. ती नगरपालिकेची, शाळेची, एखाद्या संस्थेची किंवा मालकाने पडीक टाकलेली असू शकते. कसणाऱ्यांच्या मालकीची ती बहुधा नसते. खाजगी बाग आणि सार्वजनिक उद्यान या दोहोंहून तिचे वेगळेपण असे, की येथे येणारा माणूस राबतो आणि शेजाऱ्याच्या नजरेसमोर राबतो. प्रस्तुत नोंदीत उत्पन्नापेक्षा आखणीचा विचार अधिक केला आहे. म्हणजे बागेची कोणती मांडणी शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलते करते, याचा.

मराठीत परसबाग हा शब्द घरामागच्या बागेसाठी रूढ असल्याने ‘सामूहिक’ हे विशेषण जोडावे लागते. इंग्लंडमधील अलॉटमेंट, जर्मनीतील क्लाइनगार्टन आणि अमेरिकेतील कम्युनिटी गार्डन हे या प्रथेचे तीन मुख्य प्रकार. पहिल्या दोहोंत जमीन तुकड्यांत वाटलेली असते व प्रत्येक तुकडा एका कुटुंबाकडे असतो. तिसऱ्यात वाटणीचे प्रमाण बागेगणिक बदलते, कोठे सगळेच वाफे सर्वांचे असतात.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठे झाला यावर अभ्यासकांत एकमत नाही. एक मत इंग्लंडच्या बाजूने आहे. तेथे गावांची सामाईक कुरणे कुंपण घालून खाजगी होत गेली, तेव्हा जमिनीला मुकलेल्या मजुरांना भाजीपुरता तुकडा देण्याची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली असावी. १८४५ च्या कायद्याने अशी कुंपणे घालताना गरिबांसाठी काही जमीन राखण्याची तरतूद केली. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे जमीन पुरवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. सहा रहिवाशांनी मिळून अर्ज केला तर त्याचा विचार करणे त्यांना भाग असते. दुसरे मत आजच्या जर्मनीतील श्लेसविग प्रांतातल्या कापेल्न या गावाला मान देते. हा प्रांत तेव्हा डॅनिश राजसत्तेखाली होता आणि तेथे १८१४ च्या सुमारास गरिबांसाठीच्या बागा आखल्या गेल्या.

तिसरी कथा लाइपझिगची. ती सर्वांत लोकप्रिय, पण नेमकी हीच तपासून घ्यावी लागते. जर्मन भाषेत अशा बागेला आजही श्रेबरगार्टन म्हणतात, त्यामुळे मॉरित्स श्रेबर हे वैद्य या चळवळीचे जनक समजले जातात. वस्तुतः श्रेबर १८६१ मध्ये वारले. त्यांच्या नावाची संस्था १८६४ मध्ये शाळाप्रमुख अर्न्स्ट हाउशिल्ड यांनी पालकांना घेऊन काढली, आणि तिचा पहिला उपक्रम मुलांसाठी खेळाचे मैदान हा होता. मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले ते १८६८ च्या सुमारास, गेझेल नावाच्या शिक्षकांनी. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला आणि तण वाढले. ते काढायला आलेले आईबाप तेथेच रमले. मुलांचे वाफे कुटुंबांचे झाले, त्यांना कुंपणे आली, आणि पुढे संस्थेच्या नावानेच बागा ओळखल्या जाऊ लागल्या.

हा वाद केवळ सनावळीचा नाही. इंग्लंड आणि कापेल्न येथील बागांचा हेतू गरिबांना आधार देणे हा होता, म्हणून त्यांची आखणी शेजारी शेजारी लावलेल्या चौकोनी तुकड्यांची होती. लाइपझिगमध्ये मध्यभागी सर्वांचे मैदान होते आणि वाफे त्याच्या कडेने आले. कालानुक्रमे पहिला मान कापेल्न किंवा इंग्लंडला द्यावा लागेल. परंतु शेजारसंबंध घडवणाऱ्या आखणीचा माग काढायचा तर लाइपझिगचे मैदान हा अधिक जवळचा पूर्वज ठरतो, असे दिसते.

अमेरिकेत १८९४ मध्ये, मंदीच्या काळात, डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांनी पडीक भूखंड बेकारांना बटाटे लावण्यासाठी दिले. दोन्ही महायुद्धांत अन्नपुरवठ्यासाठी अशा बागांना सरकारी उत्तेजन मिळाले. युद्ध संपताच बहुतेक मोडल्या. आजची चळवळ साधारणपणे १९७३ पासून मोजतात. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बावरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील भूखंडाचा कचरा उपसून वाफे केले. पुढल्या वर्षी शहराने तो महिना १ डॉलर भाड्याने त्यांना दिला. सिॲटल शहराचा पी-पॅच हा सामूहिक बागांचा उपक्रमही १९७३ चाच. क्यूबामध्ये सोव्हिएत मदत थांबल्यावर हवानात उभ्या राहिलेल्या ‘ऑर्गानोपोनिको’ (सेंद्रिय खतमातीने भरलेल्या उंच) वाफ्यांचे मूळ अन्नटंचाईत आहे. शेजारसंबंधांच्या अंगाने त्यांचा विचार कमी झाला आहे.

आखणी : अनुभवी आखणीकार वाफ्यांच्या आधी पाण्याची जागा ठरवतात. दहा लिटरची झारी साध्या नळाखाली भरायला मिनिटभर लागते. तेवढ्यात मागे दुसरा उभा राहतो. कोणाच्या वांग्याला कीड लागली, कोणाचे बी उगवलेच नाही, ही बोलणी तेथे होतात. प्रत्येक वाफ्याला स्वतंत्र नळ दिला की पाणी घालणे सोपे होते, पण ही मिनिटभराची गाठ जाते. याउलट अख्ख्या बागेला एकच नळ ठेवला, तर लांबच्या वाफ्याचा म्हातारा माणूस येईनासा होतो. म्हणून काही वाफ्यांच्या गटाला एक नळ आणि त्याच्या हाताशी सावलीत बसायला बाक, हा मध्यम मार्ग बहुधा पत्करतात. बाक नळाकडे पाठ करून ठेवला तर त्यावर कोणी बसत नाही.

सेंद्रिय खताचा ढीग हे दुसरे भेटीचे ठिकाण. ढीग साधारण १ घनमीटर भरल्याशिवाय आतून नीट तापत नाही. तापला की आतील उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. एका घराच्या ओल्या कचऱ्यातून एवढा ढीग लवकर होत नाही, पाच-सहा घरांचा सहज होतो. तो वरखाली करायला दोन माणसे लागतात. थंडीच्या सकाळी फावडे घातले की आतून वाफ निघते, आणि ती बघायला वाफा नसलेली मुलेही गोळा होतात. कचरा आणून टाकणाऱ्याला वाफ्याची गरज नसते. वाफा मिळण्याची वाट पाहणाऱ्यांना बागेत शिरायची ही एक वाट आहे, त्यामुळे खताची जागा फाटकाजवळ असलेली बरी. मागच्या कोपऱ्यात लपवण्याची सवय दुर्गंधीच्या भीतीतून आली आहे. वाळला पाला व ओला कचरा प्रमाणात घातल्यास ती भीती फारशी उरत नाही.

वाफ्याच्या आकारासंबंधी मतभेद आहेत. ब्रिटिश परंपरेतील पूर्ण तुकडा १० रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा. जर्मनीच्या १९८३ च्या कायद्यानुसार बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी आणि तिच्यातील झोपडी ओसरीसह २४ चौरस मीटरपर्यंत असावी. एवढ्या जागेत कुटुंबाचे बरेचसे भागते. मात्र ते कुंपणाआड रमते. लहान वाफ्यांत माणसे अधिक मावतात आणि ती एकमेकांच्या हाताशी असतात. पण वाफा फारच लहान असला तर महिनाभर फिरकले नाही तरी चालते, आणि ओळख वाढत नाही. दोघांना अर्धा-अर्धा वाफा वेगळा देण्यापेक्षा पूर्ण वाफा दोघांत सामाईक देणे चांगले, कारण मग बोलावेच लागते.

तुकड्यांच्या आकृतीचा विचार सर्वांत धाडसाने केला तो डेन्मार्कमधील भूदृश्यकार सी. टी. सोरेनसेन यांनी. कोपनहेगनजवळ नेरुम येथे १९४८ मध्ये त्यांनी सुमारे ४० बागा लंबगोल आखल्या, प्रत्येकीभोवती झुडपांचे कुंपण. चौकोनी तुकडे एकमेकांना चिकटतात, मध्ये फक्त वाट उरते. लंबगोल मात्र चिकटत नाहीत; त्यांच्यामध्ये वेड्यावाकड्या हिरवळी सुटतात आणि त्या कोणाच्याच नसल्याने सर्वांच्या होतात. खाजगीपणा आणि सामाईक जागा एकाच रेषेने साधण्याचे इतके नेटके उदाहरण दुसरे क्वचितच आढळेल.

बाहेरच्या कुंपणाची उंची कमरेइतकी आणि त्यातून आत दिसेल असे ते असावे, ही सूचना आखणीच्या पुस्तिकांत वारंवार येते. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कोणीही खुडून न्यावा असा वाफा ठेवण्याची कल्पना इंग्लंडमधील टॉडमॉर्डन येथे २००८ पासूनच्या उपक्रमाने रुजवली. तेथे रस्त्याकडेच्या जागांत खाण्याजोगी पिके सर्वांसाठी लावली गेली. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी वाट किमान ९० सेंटिमीटर, वळणाच्या जागी १५० सेंटिमीटर रुंद लागते. उंच वाफा ६० ते ७५ सेंटिमीटरचा करतात. दोन्ही बाजूंनी हात पोचायचा तर रुंदी १२० सेंटिमीटरच्या आत ठेवावी लागते. जुन्या बांधकामाच्या भूखंडावर मातीत शिसे असू शकते. माती तपासून घेणे व गरज पडल्यास बाहेरची माती घालून उंच वाफे करणे हा रूढ उपाय आहे.

परिणाम : अमेरिकेतील डेन्व्हर येथे २९१ प्रौढांवर केलेल्या यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेल्या) चाचणीत (निष्कर्ष २०२३) सामूहिक बागेत वाफा मिळालेल्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमने अधिक आढळले, शारीरिक हालचाल वाढली आणि ताण व चिंता कमी झाली. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंडांवरील चाचणीत (२०१८) जेथे कचरा काढून गवत व झाडे लावली, तेथील रहिवाशांत खिन्न वाटण्याचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले. तेथे भाजी पिकवली नव्हती. मात्र भूखंडाला ठेंगणे लाकडी कुंपण घातले होते आणि त्यात आत शिरायला वाट ठेवली होती, ही गोष्ट वर सांगितलेल्या सूचनेशी जुळते. शेजारसंबंधांविषयीचे बरेचसे अभ्यास मुलाखतींवर आधारलेले आहेत. जी माणसे मुळातच मिळूनमिसळून वागतात तीच बागेत येतात का, हा आक्षेप त्यांना लागू पडतो. समाजशास्त्रज्ञ एकसारख्यांमधील ‘बंध’ आणि भिन्न गटांमधील ‘सेतू’ असा भेद करतात. बागेत बंध लवकर जुळतात. सेतूसाठी वाफे वाटतानाच भाषा, वय व उत्पन्न यांची सरमिसळ करावी लागते, असे दिसते.

जागेची शाश्वती : बाग फुलली की आसपासच्या जागेचे मोल वाढते. न्यूयॉर्कमधील २००८ च्या एका अभ्यासात सर्वांत गरीब वस्त्यांत बागेजवळच्या मालमत्तांचे मोल पाच वर्षांत ९.४ टक्के अंकांपर्यंत वाढल्याचे आढळले. ज्यांनी ती फुलवली त्यांनाच भाडे परवडेनासे होण्याचा धोका त्यातून उद्भवतो. लॉस एंजेलिसमधील सुमारे १४ एकरांचे साउथ सेंट्रल फार्म शेकडो कुटुंबे कसत होती. मालकीच्या वादानंतर २००६ मध्ये ते उठवले गेले. न्यूयॉर्क शहराने १९९९ मध्ये शंभराहून अधिक बागांचे भूखंड लिलावात काढले, तेव्हा दोन विश्वस्त संस्थांनी ते विकत घेऊन वाचवले. बावरी व ह्यूस्टनच्या कोपऱ्यावरील बाग अजून आहे आणि ती लिझ क्रिस्टी यांच्या नावाने ओळखली जाते.