त्या दोन मिनिटांआधीची दहा वर्षं : काकाची सुरुवात

ब्राझीलचा फुटबॉलर काका, याचं नाव निघालं की गप्पा हमखास २००७ वर जातात, इटलीचा मिलान क्लब, युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा चॅम्पियन्स लीग, मँचेस्टर युनायटेडची उडवलेली दाणादाण, वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचा बॅलन डोर, आणि त्यात जरा जुना कोणी बसलेला असेल तर तो म्हणतो अरे तो आधीपासूनच तसा होता, ब्राझीलच्या साओ पाउलो क्लबकडून फायनलला सब म्हणजे बदली खेळाडू म्हणून आला आणि दोन मिनिटांत दोन गोल मारले. गोष्ट खरीच आहे. पण ती एवढीच सांगितली की असं वाटतं पोरगं आभाळातून पडलं, आणि माझ्या मते त्याच्या सुरुवातीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग नेमका तिथेच सुटतो, कारण त्या दोन मिनिटांआधी जवळपास दहा वर्षं तो त्याच क्लबमध्ये होता आणि त्यातली बरीच वर्षं तो टीममधला हडकुळा, बुटका, बेंचवर बसणारा मुलगा होता.

सुरुवातीपासून सांगतो. पूर्ण नाव रिकार्दो इझेक्सन दोस सांतोस लेइते, जन्म २२ एप्रिल १९८२, गाव गामा, म्हणजे राजधानी ब्राझिलियाच्या जवळचं. वडील सिव्हिल इंजिनिअर, आई शिक्षिका. धाकटा भाऊ रॉड्रिगो, त्याला लहानपणी रिकार्दो म्हणता यायचं नाही, तो काका म्हणायचा आणि तेच नाव चिकटलं. पोर्तुगीजमध्ये त्या नावाला काही अर्थ नाही, आपल्याकडे मात्र पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण थबकतोच, वीस वर्षांच्या पोराला काका काय म्हणता म्हणून. उच्चारताना जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता ब्राझिलियन फुटबॉलर म्हटलं की आपल्या डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं, झोपडपट्टी, अनवाणी पाय, चिंध्यांचा बॉल. कित्येकांच्या बाबतीत ते खरं आहे आणि त्यांचे कष्ट फार मोठे आहेत. पण काका मध्यमवर्गीय घरातला, शाळा नीट करणारा मुलगा होता. घर आधी कुयाबाला गेलं, मग तो सात वर्षांचा असताना साओ पाउलोला. तिथे शाळेतल्या एका शिक्षकांनी ओळखलं की पोराच्या पायात काहीतरी आहे, घरच्यांशी बोलून त्याला आल्फाव्हिलमधल्या एका लोकल क्लबात घातलं, आणि एका स्पर्धेत खेळताना साओ पाउलो एफसीच्या लोकांनी पाहिलं. क्लबमध्ये आला तेव्हा वय आठ.

आणि तो काळ बघा कुठला. कोच तेले सांतानाचा साओ पाउलो! १९९२ आणि १९९३, दोन वर्षं ओळीने कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचं विजेतेपद, दोन्ही वर्षी टोकियोला जाऊन युरोपच्या चॅम्पियनला हरवून जगज्जेतेपद. ९२ ला बार्सिलोना, २-१, दोन्ही गोल राईचे. ९३ ला मिलान, ३-२, आणि त्या टीममध्ये लिओनार्दो नावाचा खेळाडू होता, हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. राई म्हणजे ब्राझीलचा नावाजलेला फुटबॉलर सोक्रातिसचा धाकटा भाऊ, उंचापुरा, डोकं वर ठेवून खेळणारा ॲटॅकिंग मिडफिल्डर. काका त्या क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये वाढत होता आणि त्याचा हिरो राई होता, मला वाटतं पुढे त्याच्या खेळात जो ताठपणा दिसतो ना, मान खाली न घालता बॉल नेण्याचा, त्याचं बी कुठेतरी इथलंच.

ब्राझीलमध्ये दहा नंबर हा नुसता पाठीवरचा आकडा नाही हे वेगळं सांगायला नको. पेले, रिव्हेलिनो, झिको, मग राई, रिव्हाल्डो. गोव्यातल्या लोकांनी तर झिकोला एफसी गोवाचा कोच म्हणून अगदी जवळून बघितलंय. या जागेवरच्या माणसाकडून अपेक्षा अशी की बॉल मिळाला की जरा थांबावं, मैदान बघावं आणि कोणाला दिसत नाही तो पास द्यावा. काका त्या साच्यातला नव्हता, तो बॉल घेऊन पळायचा, सरळ, लांब ढांगा टाकत, मधल्या वर्तुळापासून थेट बॉक्सपर्यंत. पण त्यासाठी शरीर लागतं, आणि शरीराचीच तर अडचण होती.

बारा-तेरा वर्षांचा असताना बरोबरची पोरं एकदम उंच झाली, खांदे भरले, आणि हा तसाच राहिला. धक्का लागला की पडायचा. क्लबने तपासण्या केल्या तेव्हा कळलं की त्याच्या हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा साधारण दोन वर्षांनी मागे आहे. म्हणजे आजार वगैरे काही नाही, नुसता उशीर. इथे साओ पाउलोने जे केलं त्याचं मला फार कौतुक आहे. दुसऱ्या एखाद्या क्लबने सरळ सांगितलं असतं की बाबा तुझं काही खरं नाही, आणि जगभरात अशी किती पोरं त्या वयात घरी गेली असतील याची गणतीच नाही, कारण ज्युनिअर फुटबॉलमध्ये मॅच जिंकून देतो तो लवकर वाढलेला मुलगा. यांनी याला ठेवला, खाणंपिणं, व्यायाम यांचा नीट प्रोग्रॅम आखून दिला, आणि वाट बघितली. पंधराव्या वर्षी त्याच्याशी कॉन्ट्रॅक्टही केलं. तरी सतरा-अठराव्या वर्षीसुद्धा ज्युनिअर टीमच्या पहिल्या अकरात त्याची जागा पक्की नव्हती.

आणि मग ऑक्टोबर २०००. काल्दास नोव्हास नावाचं गाव आहे गोयास राज्यात, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध, तिथे आजी-आजोबांकडे गेला होता. स्विमिंग पूलच्या घसरगुंडीवरून खाली येताना पाय सटकला आणि डोकं थेट पूलच्या तळाला आपटलं. मानेचा सहावा मणका फ्रॅक्चर. मणक्याची दुखापत म्हणजे काय हे ज्यांच्या घरात कोणाला झालीय त्यांनाच कळेल, तिथे थोडं इकडेतिकडे झालं असतं तर खांद्याखालचं सगळं शरीर गेलं असतं. खेळणं सोडा, चालू शकतो हेच नशीब, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. अठरा वर्षांचा मुलगा, मानेला पट्टा, आणि हळूहळू नीट बरा झाला. तो आधीपासून श्रद्धाळू घरातला होताच, पण या अपघातानंतर ती श्रद्धा फार पक्की झाली, देवानेच वाचवलं असं तो कायम सांगत आला, गोल झाला की दोन्ही हातांची बोटं वर आभाळाकडे जातात ना, ते त्यातूनच आलेलं.

आता तारखा जरा शेजारी ठेवून बघा. ऑक्टोबर २००० ला मणका फ्रॅक्चर. १ फेब्रुवारी २००१ ला सीनियर टीमकडून पहिली मॅच. ७ मार्च २००१ ला फायनल. पाच महिन्यांत हे सगळं!

फायनल होती रिओ-साओ पाउलो स्पर्धेची, दोन्ही राज्यांतले मोठे क्लब खेळायचे ती जुनी मानाची स्पर्धा, आणि साओ पाउलोने ती त्याआधी कधीच जिंकलेली नव्हती, हे त्यांच्या लोकांना फार सलायचं. समोर रिओचा बोटाफोगो क्लब. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण ती बऱ्याचदा गाळली जाते. फायनल दोन लेगची, म्हणजे दोन मॅचची होती, आणि पहिला लेग साओ पाउलोने रिओच्या माराकाना स्टेडियमवर ४-१ असा आधीच जिंकला होता, त्यामुळे ट्रॉफी तशी हातात आलेलीच होती, काकाने हरलेली फायनल एकट्याने ओढून आणली असं काही नाही. पण मोरुम्बी स्टेडियम भरलेलं, घरच्या लोकांसमोर टीम ०-१ ने मागे, पहिलंवहिलं जेतेपद हरून घ्यायचं म्हणजे चव जाते हो. कोच व्हादाओने दुसऱ्या हाफमध्ये लुईस फॅबियानोला बाहेर काढून या बारक्या पोराला आत घातलं. त्याने एक गोल मारला, लोक अजून मिठ्या मारत होते, तेवढ्यात दुसरा. दोन मिनिटं. २-१.

तेव्हा पेपरात त्याचं नाव अजून सी ने लिहायचे, के नंतर आला, स्पेलिंग ठरायच्या आधीच पोरगं स्टार झालं. त्या पहिल्या सीझनला २७ मॅचमध्ये १२ गोल, मिडफिल्डरसाठी हा आकडा जबरदस्तच. अर्थात सगळं गोड नव्हतं, त्याच वर्षी अर्जेंटिनात झालेल्या २० वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझील क्वार्टर फायनललाच घानाकडून गोल्डन गोलवर, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल झाला की मॅच तिथेच संपायची त्या नियमाने, बाहेर पडला, त्या टीममध्ये काकाही होता.

मग आलं २००२. ३१ जानेवारीला गोयानियात बोलिव्हियाविरुद्ध ब्राझीलकडून पहिली मॅच, ६-० ने जिंकली, आणि मार्चमध्ये आइसलँडविरुद्ध पहिला गोल, तोही कुयाबाला, जिथे तो लहानपणी राहिला होता. कोच स्कोलारीची तेव्हा अवस्था अशी की सगळा देश रोमारिओ घ्या रोमारिओ घ्या म्हणून मागे लागलेला आणि हा माणूस हटून बसलेला. दहा नंबरच्या जागेसाठी जाल्मिन्हाची चर्चा होती, अफाट कौशल्याचा खेळाडू, पण त्याने स्पेनमध्ये ट्रेनिंगला स्वतःच्या कोचलाच डोकं मारलं आणि वर्ल्ड कपचं दार स्वतःच बंद करून घेतलं. त्या गडबडीत वीस वर्षांच्या काकाला चान्स मिळाला, २३ जणांच्या टीममधला सगळ्यात लहान, पाठीवर २३ नंबर.

खेळला किती? एकच मॅच, कोस्टा रिकाविरुद्ध, तीही सब म्हणून, वीस-पंचवीस मिनिटं. पण फायनलचा तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ३० जून, रविवार, आपल्याकडे दुपारचे साडेचार म्हणजे शाळा कॉलेज कशाचीच आडकाठी नाही, कोल्हापुरात तर वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, आणि अर्जेंटिना लवकर बाहेर पडल्यामुळे त्या दिवशी रान मोकळं होतं. रोनाल्डोचे दोन गोल झालेले, जर्मनी संपलेली, आणि शेवटच्या मिनिटांत साइडलाइनला काका तयार होऊन उभा, आत जायला बोलावतील म्हणून वाट बघत. बॉल बाहेर गेलाच नाही. रेफ्री कोलिनाने शिट्टी वाजवली. वर्ल्ड कप फायनल खेळायची राहिली ती राहिलीच, पुढे कधीच मिळाली नाही. २००६ ला आणि २०१० ला, दोन्ही वेळा ब्राझील क्वार्टर फायनललाच थांबला.

जगज्जेता होऊन घरी आला आणि खरा त्रास तिथून सुरू झाला, हा भाग लोक विसरतातच. २००२ च्या ब्राझिलियन लीगमध्ये २२ मॅचमध्ये १० गोल केले, प्लाकार मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मिळाला. साओ पाउलो साखळीत पहिला नंबर. पण तेव्हा वरच्या आठ टीमची नॉकआउट असायची, आणि आठव्या नंबरवर रडतखडत पोचलेल्या सांतोसने यांना क्वार्टर फायनलला दोन्ही लेगमध्ये हरवलं. सांतोसकडे दिएगो आणि रोबिन्हो ही दोन पोरं होती, काकापेक्षाही लहान, आणि तेच पुढे चॅम्पियन झाले. त्याशिवाय कोरिंथियान्सचा जाच. २००२ ला रिओ-साओ पाउलोची फायनल, ब्राझील कपची सेमी, २००३ ला राज्य स्पर्धेची फायनल, तिन्ही कोरिंथियान्सकडूनच हरले. शेजारच्या शत्रूकडून एवढ्यांदा हरल्यावर लोक कोणाला तरी धरतातच, आणि त्यांनी धरलं देखण्या, गुळगुळीत, सभ्य पोराला. मोरुम्बीवर त्याच्या नावाने हुर्यो होऊ लागली, त्याला पिपोकेइरो म्हणायला लागले. शब्दशः अर्थ पॉपकॉर्नवाला, फुटबॉलमध्ये अर्थ मोठ्या मॅचला कच खाणारा. ज्याने अठराव्या वर्षी त्याच मैदानावर त्यांना पहिलं जेतेपद जिंकून दिलं त्याला हे ऐकावं लागलं, आजही वाचताना वाईट वाटतं.

जुलै २००३ मध्ये उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या गोल्ड कपला ब्राझीलने २३ वर्षांखालची टीम पाठवली, कॅप्टन काका. फायनलला मेक्सिकोकडून १-० हार, परत गोल्डन गोल. आणि ऑगस्टमध्ये मिलान. तिथे लिओनार्दो होता, तोच ९३ च्या फायनलमधला, नुकताच खेळणं थांबवून क्लबच्या कामाला लागलेला. आपल्या जुन्या क्लबमधलं हे पोरगं काय आहे ते त्याला बरोबर माहीत होतं. किंमत ८५ लाख युरो. मिलानचा मालक बर्लुस्कोनी नंतर म्हणायचा की शेंगदाण्यांच्या भावात मिळाला.

तेव्हा मिलान युरोपचा चॅम्पियन होता. दहाच्या जागेवर रुई कोस्टा, आणि रिव्हाल्डोही होता, दोघंही नावाजलेले. एकवीस वर्षांच्या पोराने निदान एक वर्ष बघून शिकावं असाच सगळ्यांचा हिशोब असणार. १ सप्टेंबरला आंकोनाविरुद्ध कोच आन्चेलोत्तीने त्याला सरळ पहिल्या अकरात टाकला, मिलान २-० ने जिंकलं. ५ ऑक्टोबरला त्याच शहरातल्या इंटरविरुद्ध डर्बी, गट्टुसोचा क्रॉस आणि काकाचं हेडर, इटलीतला पहिला गोल, मॅच ३-१. त्यानंतर रुई कोस्टा बेंचवर दिसायला लागला. हवेतल्या बॉलवर इटालियन डिफेंडरांमध्ये उडी मारून हेडर मारणारा हा तोच मुलगा, बाराव्या वर्षी धक्का लागला की पडणारा.

नंबर त्याने २२ घेतला होता. २ मे २००४ ला सान सिरोवर रोमाविरुद्धची मॅच, जिंकली तर लीग तिथेच संपणार. मॅच सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं झालेली, काकाने क्रॉस टाकला, शेवचेन्कोने डोकं लावलं, १-० आणि तोच स्कोर शेवटपर्यंत. लीगमध्ये ३० मॅच, १० गोल, पहिल्याच वर्षी स्कुदेत्तो, म्हणजे इटालियन लीगचं जेतेपद, आणि त्याला बावीस पूर्ण होऊन तेव्हा फक्त दहा दिवस झाले होते.